ट्रकशी अपघात झाला तर पुरावा आधी जपा

आधी जीव. गाडी बंद करा, धोक्याचे दिवे लावा आणि रस्त्यापासून लांब उभे राहा. ट्रकमधून डिझेल किंवा माल सांडत असेल तर जवळ जाऊ नका, काडी-सिगारेट तर नाहीच. मग पोलीस आणि रुग्णवाहिका.

फोटो काढताना बहुतेक जण फक्त पुढची नंबरप्लेट टिपतात. ओढणारा ट्रक आणि मागचा ट्रेलर यांचे नंबर अनेकदा वेगळे असतात, मालकही वेगळे असू शकतात. म्हणून दोन्ही घ्या. दारावरचं कंपनीचं नाव, टायर, ब्रेकच्या खुणा, मालाची बांधणी हेही टिपा.

खरी घाई इथेच. ट्रकमधल्या जीपीएस आणि इंजिनच्या नोंदींत वेग, ब्रेक यांची माहिती असू शकते, पण डॅशकॅमचं, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचं, चित्रण काही काळाने आपोआप पुसलं जातं. तेव्हा ‘नोंदी जपून ठेवा’ असं कंपनीला लगेच लेखी कळवा, शक्यतो वकिलामार्फत.

दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या. डोक्याचा किंवा पोटातला मार कधी कधी उशिरा जाणवतो. आणि समोरच्या विमा कंपनीचा माणूस कितीही गोड बोलला, तरी उपचार संपेपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही करू नका.