टाकी, वर्ग की दवाखाना: संशोधनात 'एक' म्हणून काय मोजायचं?

सहा टाक्या, प्रत्येकीत ५० बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं. तीन टाक्यांना नेहमीचं खाद्य, तीन टाक्यांना नवं. आठ आठवड्यांनी सगळे मासे वजन केले. नमुना किती? बहुतेक जण ३०० म्हणतात. बरोबर उत्तर सहा आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती त्या एका भांड्यातल्या भाताची. त्याच भांड्यातली आणखी ४९ शितं चाचपली म्हणून शेजारच्या भांड्याबद्दल काही कळत नाही. एका टाकीतले मासे एकाच पाण्यात राहतात, त्याच ऑक्सिजनवर जगतात, एकमेकांच्या तोंडचं खाद्य पळवतात. त्यामुळे त्यांची वजनं एकमेकांना धरून चालतात. बालवाचनाच्या अभ्यासात टाकीच्या जागी वर्ग असतो आणि पाण्याच्या जागी शिक्षक. आरोग्य संशोधनात तीच जागा दवाखाना, वॉर्ड किंवा गाव घेतं. विषय तीन असले तरी चूक एकच होते, म्हणून तिचा उपायही एकत्रच पाहू.

या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांच्या संदर्भात 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. वैद्यकीय संख्याशास्त्रात जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९७८ मध्येच बजावलं होतं: वाटणी गटांची करायची आणि विश्लेषण व्यक्तींचं करायचं, ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आधी एकक ठरवा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: चिठ्ठी कशाच्या नावाची टाकली? खाद्य टाकीला दिलं असेल तर एकक टाकी. शिकवण्याची पद्धत वर्गाला दिली असेल तर एकक वर्ग. दवाखान्यातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं असेल तर एकक दवाखाना. मोजमाप कोणाचं घेतलं यावरून एकक ठरत नाही.

काही मोजमापं तर मुळातच गटाची असतात. खाद्य-रूपांतर गुणोत्तर घ्या, म्हणजे वजन एक किलो वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा. कोणत्या माशाने किती खाल्लं हे कळत नाही, टाकीत किती पडलं एवढंच कळतं. म्हणून हा आकडा टाकीमागे एकच निघतो, आणि तिथे ही चूक सहसा होत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र प्रत्येक मासा वेगळा तोलता येतो, आणि तिथेच मोह होतो.

उलटंही घडतं. एकाच टाकीतल्या अर्ध्या माशांना लस टोचली, अर्ध्यांना नुसतं द्रावण टोचलं, प्रत्येकाला ओळखखूण लावली आणि हे सगळ्या टाक्यांत केलं, तर मासा हे एकक धरता येतं. टाकी तिथे ब्लॉक होते, म्हणजे तुलना टाकीच्या आतच होते. मात्र लसीचा परिणाम शेजारच्या माशांपर्यंत पोचत असेल, उदाहरणार्थ संसर्गच कमी पसरत असेल, तर ही सूट संपते. एकाच रुग्णाचे दोन डोळे, चार दात किंवा रक्तदाबाची पाच मोजमापं यांनाही हाच न्याय. औषध पोटातून दिलं असेल तर रुग्ण एकच, डोळे कितीही तपासा.

किती नुकसान होतं, ते मोजा

गटातले सदस्य एकमेकांसारखे किती, हे आयसीसी सांगतो. पूर्ण रूप इंट्राक्लास कोरिलेशन. शून्य म्हणजे गटाने काही फरक पडत नाही, एक म्हणजे गटातले सगळे अगदी सारखे. त्यावरून डिझाइन इफेक्ट काढायचा:

डिझाइन इफेक्ट = १ + (गटातील संख्या − १) × आयसीसी

एकूण संख्येला याने भागलं की खरा, उपयोगी पडणारा नमुना मिळतो. समजा २० वर्गांत प्रत्येकी २० मुलं आहेत आणि अक्षरओळखीच्या चाचणीत आयसीसी ०.१५ आहे. डिझाइन इफेक्ट ३.८५ येतो. मुलं ४०० तपासली, पण माहिती १०४ मुलांएवढीच मिळाली.

आता दोन पर्याय ताडून बघा. त्याच २० वर्गांत प्रत्येकी ४० मुलं घेतली तर काम दुप्पट होतं, मुलं ८०० होतात, आणि उपयोगी नमुना फक्त ११७. त्याऐवजी तीच ४०० मुलं ४० वर्गांतून प्रत्येकी १० अशी घेतली, तर डिझाइन इफेक्ट २.३५ आणि उपयोगी नमुना १७०. एका गटात कितीही जण घेतले तरी त्या गटातून १ ÷ आयसीसी एवढीच माहिती निघू शकते. इथे ती साधारण पावणेसात मुलांची. मनुष्यबळ आणि पैसा कुठे लावायचा, याचा निर्णय या एका आकड्यावर व्हायला हवा.

आयसीसी लहान दिसला म्हणून सोडू नका. दवाखान्यांमधल्या अभ्यासांत तो बऱ्याचदा ०.०१ ते ०.०५ च्या आसपास असतो. पण दवाखान्यामागे ५० रुग्ण असतील तर ०.०२ नेही डिझाइन इफेक्ट १.९८ होतो, म्हणजे निम्मा नमुना गेला.

आयसीसी आणायचा कुठून? आधीच्या तशाच अभ्यासांतून घ्या किंवा स्वतःच्या पूर्वप्रयोगातून काढा. साध्या एकमार्गी अनोव्हामधून (गटांच्या सरासऱ्यांमधला फरक तपासणारं विश्लेषण) गटांमधलं सरासरी वर्ग-मूल्य आणि गटांतर्गत सरासरी वर्ग-मूल्य घ्या. पहिल्यातून दुसरं वजा करा. आलेल्या आकड्याला पहिलं + (गटातील संख्या − १) × दुसरं याने भागा. टाकीत ३० मासे, मूल्यं ५२ आणि ४ असतील, तर ४८ ÷ १६८, म्हणजे सुमारे ०.२९. हा हिशोब एकच खाद्य मिळालेल्या टाक्यांवर करा. वेगवेगळ्या खाद्यांच्या टाक्या मिसळल्या तर खाद्याचा परिणाम टाकीच्या नावावर जमा होतो. शिवाय चार-सहा टाक्यांवरून काढलेला आयसीसी फार डळमळीत असतो, म्हणून नियोजनात तो थोडा वरचाच धरलेला बरा.

नमुना ठरवण्याचा हिशोब

दोन गटांची तुलना, ८० टक्के सामर्थ्य (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची शक्यता) यांसाठी एक सोपा नियम आहे: पकडायचा असलेला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचं माप) किती पट, तो आकडा घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६ ला त्याने भागा. फरक ०.४ पट असेल तर १६ ÷ ०.१६ = १००. म्हणजे प्रत्येक बाजूला १०० मुलं. त्याला ३.८५ ने गुणलं की ३८५, आणि वर्गात २० मुलं धरली तर प्रत्येक बाजूला २० वर्ग. एखादा वर्ग मध्येच गळतो, म्हणून २२ घ्या.

हे झेपणारं नसेल तर मुलं वाढवू नका, पूर्वचाचणी घ्या. आधीच्या आणि नंतरच्या गुणांचा सहसंबंध ०.७ असेल आणि वर्ग-सरासरीच्या पातळीवरही तो तेवढाच टिकत असेल, तर लागणारा नमुना जवळपास निम्मा होतो. वर्ग लहानमोठे असले तर गरज वाढते. सूत्रात गटाच्या सरासरी संख्येला १ + (संख्येच्या चढउतार गुणांकाचा, म्हणजे प्रमाण विचलन ÷ सरासरी याचा, वर्ग) याने गुणून मग पुढचा हिशोब करा.

गट फार थोडे असले की वेगळीच अडचण येते, आणि माशांच्या प्रयोगांत ती सतत दिसते, कारण खाद्यामागे तीन टाक्या ठेवण्याची सवय रूढ आहे. तीन विरुद्ध तीन टाक्यांत टी-कसोटीला (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी कसोटी) मुक्तता मात्रा, म्हणजे स्वतंत्र माहितीचे तुकडे, फक्त ४ मिळतात, त्यामुळे फरक सार्थ ठरायला टी-मूल्याला १.९६ ऐवजी २.७७६ ओलांडावं लागतं. क्रमबदल कसोटी (मिळालेला निकाल सगळ्या शक्य वाटण्यांशी ताडणारी) वापरली तर सहा टाक्यांची वाटणी २० प्रकारेच होते आणि दुबाजू पी-मूल्य (फरक नसताना एवढा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही, निकाल कितीही स्पष्ट असो. चार विरुद्ध चार केलं की ७० वाटण्या होतात आणि पी-मूल्य ०.०२९ पर्यंत पोचू शकतं. प्रत्येक बाजूला ५० माशांच्या तीन टाक्यांपेक्षा ३० माशांच्या पाच टाक्या ठेवा. मासे तेवढेच, पुरावा कितीतरी भक्कम. तीही चार-पाचवर थांबवायची सक्ती नाही, जागा असेल तर आणखी वाढवा.

वाटणी करताना काय बिघडतं

मासे टाक्यांत सोडताना जाळ्यात आधी सापडतात ते बहुधा मंद आणि अशक्त. पहिली टाकी भरून मग दुसरी भरली, तर दुबळे मासे एकत्र जमतात. म्हणून प्रत्येक फेरीत टाकीमागे चार-पाचच सोडा, आणि फेरीतला टाक्यांचा क्रम दर वेळी बदला. शेवटी टाक्यांची सुरुवातीची सरासरी वजनं ताडून बघा.

मांडणीच्या वरच्या फळीवर उजेड आणि उष्णता जास्त असते, दाराजवळच्या टाक्यांना वर्दळीचा त्रास होतो. प्रत्येक फळीवर दोन्ही खाद्यं येतील अशा चिठ्ठ्या फळीनिहाय टाका. फिरत्या पाण्याच्या प्रणालीत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच गाळणीतून येतं. एका प्रणालीला जुनं खाद्य आणि दुसरीला नवं दिलं, तर टाक्या वीस असल्या तरी नमुना दोनच. मासे मेले की उरलेल्यांना जागा आणि खाद्य जास्त मिळून ते भराभर वाढतात, म्हणून मृत्यूंची रोज नोंद ठेवा आणि वाढीचा आकडा जगण्याच्या टक्केवारीशिवाय कधीच देऊ नका.

वर्गांत सर्वांत घातक मांडणी म्हणजे एक शिक्षक नव्या पद्धतीला आणि एक जुन्या पद्धतीला. इथे पद्धत आणि शिक्षक वेगळे करताच येत नाहीत, कोणतंही सॉफ्टवेअर वापरा. चाचणी घेणाऱ्यांचंही तसंच: प्रत्येक परीक्षकाने दोन्ही बाजूंची मुलं तपासावीत आणि कोणता वर्ग कोणत्या बाजूचा, हे त्याला ठाऊक नसावं. लहान मुलांच्या एका मिनिटाच्या अक्षरवाचनात परीक्षकाचा सूर आणि घाईसुद्धा गुणांत उतरते.

दवाखान्यांच्या वाटणीत धोका भरतीचा. कोणत्या दवाखान्याला काय मिळालं हे कळल्यानंतर रुग्ण निवडले, तर निवडणाऱ्याचा हात नकळत झुकतो. आधी रुग्णांची यादी पक्की करा, मग दवाखान्यांच्या चिठ्ठ्या उघडा.

विश्लेषण, आणि दुसऱ्यांचा शोधनिबंध वाचताना

सर्वांत सोपा आणि प्रामाणिक मार्ग: प्रत्येक गटाची एक सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांवर टी-कसोटी करा. गट सारख्या आकाराचे असतील तर यात फारसं काही हरवत नाही. मिक्स्ड मॉडेल (व्यक्ती आणि गट दोन्ही पातळ्यांवरचा फरक एकत्र धरणारं विश्लेषण) वापरायचं असेल तर टाकी किंवा वर्ग यादृच्छिक घटक म्हणून घाला, आणि गट थोडे असताना केनवर्ड-रॉजर दुरुस्ती लावा, ती मुक्तता मात्रा थोड्या गटांना साजेशा करते. ४० हून कमी गटांत दुरुस्तीविना 'सँडविच' प्रमाण-त्रुटी (गटांतलं साम्य धरून अंदाजाची अनिश्चितता काढण्याची एक पद्धत) वापरली तर निकाल आहे त्याहून पक्का भासतो.

छापील निबंधातली चूक पकडायला मुक्तता मात्रा बघा. सहा टाक्यांच्या प्रयोगात एफ-मूल्याशेजारी (अनोव्हाचा निकाल) मुक्तता मात्रा १ आणि २९८ दिसल्या, तर टाकी विसरली गेली. तिथे १ आणि ४ हवं. असा निबंध लगेच टाकून देऊ नका. त्यातल्या टी-मूल्याला डिझाइन इफेक्टच्या वर्गमुळाने भागून अंदाज घेता येतो. टी ३.२ आणि डिझाइन इफेक्ट ३.८५ असेल, तर उरतं साधारण १.६३, म्हणजे दावा निसटला.

स्वतः लिहिताना पद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात एकक सांगा. प्राण्यांवरच्या संशोधनासाठीच्या 'अराइव्ह' मार्गदर्शक सूचनांच्या २०२० च्या आवृत्तीत प्रयोग-एकक स्पष्ट करण्याची अपेक्षा आहे, आणि गटवाटणीच्या चाचण्यांसाठी 'कन्सॉर्ट'चा (चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या सूचना) वेगळा विस्तार २०१२ मध्ये सुधारला गेला. दोन्ही हाताशी ठेवा. निकालांच्या तक्त्यात गटांची संख्या, गटाचा सरासरी आकार, गळालेले गट आणि आयसीसी त्याच्या विश्वास-मर्यादांसह द्या. पुढचा प्रयोग आखणाऱ्याला सर्वांत जास्त गरज त्या शेवटच्या आकड्याची असते, आणि निबंधांत बहुधा तोच सापडत नाही.