पहाटेच्या थंडीत दुचाकी चालवताना हात का बधिर होतात? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे कोल्हापूरचा शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागणाऱ्या दुचाकीस्वारांची बोटे वडणगे फाट्यापर्यंतच बधिर होऊ लागतात आणि त्यावर बहुतेक जण आणखी जाड लोकरी हातमोजे घेतात. चूक या खरेदीतच आहे. लोकरीच्या विणीत अडकलेली हवा स्थिर असते तोवरच ऊब टिकते. समोरचा वारा ती हवा सहज काढून नेतो. हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअस असताना ताशी 60 किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला सुमारे 5 अंशांइतका गार भासतो. म्हणून मोज्याचा बाहेरचा थर वारा अडवणारा असावा; घरात लोकरी मोजे असतीलच, तर त्यांवर रेनकोटच्या कापडाचे सैल आवरण चढवले तरी पुष्कळ फरक पडतो.

फार जाड मोज्यांचा आणखी एक तोटा आहे. क्लच आणि ब्रेकचा अंदाज येत नाही, म्हणून मूठ नकळत आवळली जाते, कोपराखालचे स्नायू थकतात आणि आवळलेल्या बोटांत रक्त मोकळेपणाने फिरत नाही. थंड पाण्यात विंडसर्फिंग (शिडाचा दांडा धरून फळीवर उभ्याने पाण्यावर सरकण्याचा खेळ) करणारे काही जण याच कारणाने तळव्याकडे उघडे असलेले मोजे वापरतात. दुचाकीवर तसे मोजे चालणार नाहीत, कारण पडल्यास तळवा सोलवटतो. पण मोजे घट्ट नसावेत आणि पकड सैल असावी, हे इथेही लागू आहे.

सर्वांत दुर्लक्षित चूक मात्र हातांची नाहीच. छाती आणि गळा गारठला की शरीर आतील अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि मग महागडे मोजेही निरुपयोगी ठरतात, कारण मोजे ऊब निर्माण करत नाहीत, हातात आलेली ऊब फक्त धरून ठेवतात. जर्किनची चेन गळ्यापर्यंत लावावी, मफलर आत खोचावा, बाही आणि मोजा यांमध्ये मनगट उघडे राहू देऊ नये. जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवणे ही जुनी युक्ती दिसायला विचित्र असली, तरी आजही उपयोगी आहे.

पन्हाळा उंचावर आहे, तेव्हा खरी थंडी घाटात लागेल, असे समजून काही जण वाघबीळला पोहोचल्यावर मोजे हातात चढवतात. वास्तविक निरभ्र, निवांत रात्री गार हवा जड होऊन सखल भागात साचते, त्यामुळे पंचगंगेचा काठ आणि पाणी दिलेल्या उसाच्या फडांजवळचा रस्ता पहाटे चढापेक्षाही गार असू शकतो. त्यात धुके असेल तर मोजे ओले होतात आणि ओला मोजा हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. मोजे निघतानाच, हात उबदार असताना घालावेत.

बधिर हात सायलेन्सरवर किंवा इंजिनावर शेकणे धोक्याचे आहे, कारण त्वचेला चटका कळत नाही. कढत पाण्याचेही तेच. गाडी थांबवून हात खांद्यातून जोराने गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकलले जाते, किंवा ते काखेत धरावेत. चहा जरूर घ्यावा, पण त्याबरोबरची सिगारेट टाळावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकुंचित होतात. थोड्याशा गारठ्यानेही बोटे वारंवार पांढरी, मग निळी पडत असतील, तर ते रेनॉडच्या विकाराचे (बोटांच्या रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आकुंचित होण्याचे) लक्षण असू शकते. अशा वेळी नवे मोजे शोधण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.