एअरसॉफ्ट किंवा नकली बंदूक परदेशातून मागवताय? या चुका टाळा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांनी खेळायचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ. त्याच्या बंदुका मागवताना आधी ऑर्डर, मग नियमांची चौकशी. वर्षानुवर्षं हाच क्रम बघतोय. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की मेसेज येतो, "दादा, आता काय करू?" तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पार्सलवर खोटं लिहून घेणं. "खेळणं लिहा, किंमत निम्मी दाखवा," असं गिऱ्हाईकच सांगतं, नाहीतर विक्रेता आपणहून सुचवतो. आमच्या एअरसॉफ्ट गटातल्या एका मुलाने हेच केलं. गॅसवर चालणारी धातूची रायफल, दिसायला अगदी खरी, आणि डब्यावर 'प्लास्टिकचं खेळणं'. स्कॅनरमध्ये बंदूकच दिसली. पार्सल थांबलं, खुलासा मागवला गेला. मला वाईट याचं वाटतं की त्याच्याकडे गटाचं सदस्यत्व होतं, वर्षभर नियमित खेळल्याच्या नोंदी होत्या. खरं लिहिलं असतं तर त्या कागदांवर माल सुटण्याची चांगली शक्यता होती. पण मजकूरच खोटा निघाल्यावर ते कागद कोण बघतो? रायफल गेली, पैसे गेले, वर दंड बसला.

आयातीच्या वर्गीकरणात खेळणी 95व्या प्रकरणात आहेत आणि शस्त्रं 93व्या. त्यातल्या 9304 या शीर्षकात स्प्रिंग, हवा आणि गॅसवर चालणाऱ्या बंदुकांचा उल्लेख थेट नावानिशी आहे. त्यामुळे 'मला वाटलं खेळणंच आहे' या उत्तरावर विसंबू नका. मी बिलावर मॉडेल, सुटणाऱ्या गोळीची शक्ती किती जूल (जूल हे ऊर्जेचं माप), गोळीचा व्यास आणि खरी किंमत लिहून घेतो, आणि बिलाची एक प्रत डब्याच्या आत, एक बाहेर लावायला सांगतो. विक्रेता का-कू करायला लागला की ऑर्डर रद्द.

दुसरी चूक: "तिकडे चालतं, म्हणजे इकडेही चालणार." विक्रेत्याच्या पानावरचं 'कायदेशीर' हे त्याच्या देशापुरतं असतं. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2007पासून हुबेहूब दिसणारी नकली बंदूक आयात करणं गुन्हा आहे. एअरसॉफ्ट खेळाडूंना सूट आहे, पण आपण खेळाडू आहोत हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी 'युकारा' ही खेळाडूंची नोंद वापरतात, आणि त्या नोंदीसाठी किमान दोन महिन्यांच्या अवधीत निदान तीनदा मैदानावर खेळलेलं असावं लागतं. नवशिके या तीन खेळांवरून कुरकुरतात. मला मात्र ही अट फार आवडते. भाड्याच्या बंदुकीने तीनदा खेळा, मग कळेल की तुम्हाला हवी असलेली बंदूक खरंच हवी होती का.

अमेरिकेत नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण लागते. कॅनडात खऱ्या बंदुकीची हुबेहूब नक्कल ही निषिद्ध वस्तू आहे. ऑस्ट्रेलियात माल पोचण्याआधी परवानगी हातात हवी. जर्मनीत 0.5 जूलच्या वरच्या बंदुकीवर पंचकोनातलं 'एफ' चिन्ह लागतं. तेव्हा ज्या देशात माल उतरणार, तिथल्या सरकारी पानावरचा चालू नियम वाचा, आणि ऑर्डरच्या दिवशी त्याची प्रत जपून ठेवा. मित्राने दोन वर्षांपूर्वी काय मागवलं याला काहीही किंमत नाही.

वेग आणि शक्ती यांची गल्लत तर रोजची. नियम बहुतेक ठिकाणी जूलमध्ये असतात, जाहिराती एफपीएसमध्ये, म्हणजे गोळी सेकंदाला किती फूट जाते त्यात. 328 एफपीएस म्हणजे सेकंदाला 100 मीटर. या वेगाने 0.20 ग्रॅमची गोळी सुटली तर शक्ती बरोबर 1 जूल. त्याच वेगाने 0.25 ग्रॅमची गोळी सुटली तर 1.25 जूल. जपानमध्ये 6 मिलिमीटरच्या गोळीसाठी मर्यादा साधारण 0.98 जूल आहे, म्हणजे यातली पहिली बंदूकसुद्धा तिथे बसत नाही. ब्रिटनमध्ये सलग फैरी झाडणाऱ्या बंदुकीला 1.3 आणि एकेक गोळीच्या बंदुकीला 2.5 जूलची मर्यादा आहे. विक्रेत्याला विचारा, आकडा कोणत्या वजनाच्या गोळीने मोजला? उत्तर आलं नाही तर मी त्याच्याकडून घेत नाही.

खऱ्या कंपनीचं चिन्ह कोरलेली नक्कल ट्रेडमार्कच्या कारणानेही जप्त होऊ शकते, बाकी सगळं नियमात असलं तरी.

गॅसचे डबे पार्सलमध्ये घालायला सांगू नका, त्यातले बरेचसे ज्वलनशील असतात. गॅस आपल्याच देशात घ्या. लिथियमच्या बॅटरीचे विमान वाहतुकीचे नियम वेगळे आहेत, म्हणून मी बंदूक बॅटरीशिवायच मागवतो.

सुटे भाग कोणी अडवत नाही, हाही गैरसमज. 2009मध्ये अमेरिकेत टॅकोमा बंदरात तैवानहून आलेल्या 30 एअरसॉफ्ट रायफली अडवल्या गेल्या. त्यांचा सांगाडा, म्हणजे आतली यंत्रणा बसते तो मुख्य भाग, खऱ्या मशीनगनसाठी वापरता येईल, असं तिथल्या शस्त्र खात्याचं म्हणणं होतं. धातूचा सांगाडा एकटा मागवणार असाल तर पूर्ण बंदुकीइतकीच चौकशी करा.

आणि पार्सल अडकलंच, तर नोटिशीतली मुदत सगळ्यात आधी वाचा आणि त्या मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत पैसे भरल्याचा खरा पुरावा, मॉडेलची माहिती आणि सदस्यत्वाचा कागद जोडा. विक्रेत्याकडून मागच्या तारखेचं नवं बिल करून घेऊ नका. रक्कम मोठी असेल तर कस्टम्सचं काम करणाऱ्या वकिलाला पहिल्याच दिवशी गाठा, मुदतीच्या आदल्या रात्री नाही.