संशोधन विद्यापीठाचा इतिहास कसा अभ्यासावा

एखाद्या विद्यापीठाचा इतिहास लिहायला बसलेला अभ्यासक बहुधा सर्वांत आधी स्थापनेची सनद शोधतो आणि त्या वर्षापासून कथन सुरू करतो. संशोधन विद्यापीठाच्या बाबतीत ही सुरुवात दिशाभूल करणारी ठरते. बोलोन्या विद्यापीठाची परंपरा १०८८ पासून सांगितली जाते, पॅरिस आणि ऑक्सफर्डही मध्ययुगीन आहेत. परंतु धर्मशास्त्र, विधी, वैद्यक आणि प्राथमिक विद्यांतील मान्य ग्रंथांचे विवरण करणे आणि पदव्या देणे हेच या संस्थांचे कित्येक शतके मुख्य काम होते. नवे ज्ञान निर्माण करणे ही प्राध्यापकाकडून नियमितपणे केलेली अपेक्षा असावी, ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. म्हणून विद्यापीठ कधी स्थापन झाले हे विचारण्याआधी, तेथे शोध घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य कधी ठरले आणि शोध कसा घ्यावा हे विद्यार्थ्याला शिकवण्याची सोय कधी झाली, असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर स्थापनावर्षापासून पुष्कळदा शतकभर दूर सापडते.

उत्तर शोधताना भाषणांपेक्षा कामकाजाच्या कागदांवर विसंबावे. वर्धापनदिनाचे गौरवग्रंथ आणि उद्घाटनाची भाषणे संस्थेला स्वतःविषयी काय वाटत होते ते सांगतात. सत्रनिहाय व्याख्यानसूची, ग्रंथालयाच्या दाखल नोंदी, नेमणुकांचा पत्रव्यवहार, प्रबंधांच्या याद्या आणि हिशेबाच्या वह्या संस्था प्रत्यक्षात काय करत होती ते सांगतात. दोन्हींमध्ये विसंगती दिसली, तर तीच नोंदवून ठेवावी, कारण इतिहास बहुधा तिथेच असतो.

व्याख्यानसूचीत प्रथम ‘सेमिनार’ हा शब्द शोधावा. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठ १७३७ मध्ये विधिवत सुरू झाले आणि त्याच सुमारास तेथे अभिजात भाषांचा सेमिनार उभा राहिला. हाले येथे फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ मध्ये तसाच सेमिनार काढला. आरंभी शाळांसाठी चांगले शिक्षक घडवणे हा त्याचा हेतू होता, पण त्याच्या रचनेतून वेगळेच काही निपजले. निवडक विद्यार्थी एखादा ग्रीक किंवा लॅटिन उतारा घेत, त्याच्या पाठभेदांची चिकित्सा करून स्वतःचे टिपण लिहीत आणि ते प्राध्यापकासमोर व सहाध्यायांसमोर मांडून त्याचे समर्थन करत. व्याख्यानात विद्यार्थी ऐकतो. येथे त्याला पुरावा द्यावा लागे. प्रयोगशाळेची गोष्ट सर्वजण सांगतात, परंतु संशोधनाचे शिक्षण भाषाभ्यासात आधी आकाराला आले, ही बाब अभ्यासकाने मुळीच सोडू नये.

प्रयोगशाळेचा विचार करताना इमारतीच्या तारखेवर थांबू नये, तर तेथे विद्यार्थ्याच्या हाती काय होते ते पाहावे. युस्टुस लीबिग १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गीसन या लहानशा विद्यापीठात रुजू झाले. त्यांच्या कामातील निर्णायक गोष्ट होती १८३१ मधील पाच फुग्यांची काचनळी. सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड या नळीतील पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई आणि जळणापूर्वी व नंतर नळीचे वजन केले की पदार्थातील कार्बनचे प्रमाण काढता येई. पूर्वी निष्णात रसायनज्ञाचीही कसोटी पाहणारे हे विश्लेषण आता सरावाने तरबेज झालेल्या विद्यार्थ्यालाही जमू लागले. त्यामुळे एकाच खोलीत अनेक जण वेगवेगळ्या पदार्थांवर काम करू शकले, आणि प्रत्येकाचा निष्कर्ष नवा असल्यामुळे शिक्षण व संशोधन या एकाच कृतीच्या दोन बाजू झाल्या. साधे, स्वस्त आणि विश्वसनीय उपकरण संस्थेचे स्वरूप कसे पालटते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक विषयात अशा उपकरणाचा शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

यानंतर बर्लिनकडे वळावे, आणि तेथे सर्वाधिक सावध राहावे. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा येना येथे पराभव केला आणि पुढच्या वर्षीच्या तहात हाले विद्यापीठासह मोठा प्रदेश प्रशियाच्या हातून गेला. या नामुष्कीच्या काळात बर्लिनच्या नव्या विद्यापीठाची योजना पुढे आली. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट १८०९ च्या आरंभी शिक्षणविभागाचे प्रमुख झाले, त्यांनी राजाची संमती मिळवली, आणि १८१० च्या शरद ऋतूत विद्यापीठ सुरू होण्यापूर्वीच ते त्या पदावरून दूर झाले होते. विज्ञान हा कधीही पूर्ण न सुटलेला प्रश्न आहे असे मानावे आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांनीही त्याच्यासाठी एकत्र यावे, हा त्यांचा विचार एका अपूर्ण टिपणात आहे. मात्र हे टिपण छापले गेले ते जवळजवळ शतकभरानंतर. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ज्या प्राध्यापकांनी जर्मन विद्यापीठांना कीर्ती मिळवून दिली, त्यांच्यासमोर हा मजकूर नव्हता. विद्यापीठाला ‘हुम्बोल्ट’ हे नावदेखील १९४९ मध्ये मिळाले. हुम्बोल्ट यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण विचार आधी आणि संस्था नंतर, असा सरळ कार्यकारणभाव मांडण्याचा मोह अभ्यासकाने टाळायला हवा.

मग जर्मन विद्यापीठे पुढे का गेली? उत्तरासाठी नेमणुकांची कागदपत्रे वाचावीत. जर्मन भाषिक प्रदेश अनेक राज्यांत विभागलेला होता आणि प्रत्येक राज्य दुसऱ्याच्या विद्यापीठातून नामवंत प्राध्यापक आपल्याकडे ओढू पाहत होते. बोलावणे आलेला प्राध्यापक नवी प्रयोगशाळा, साहाय्यक आणि ग्रंथखरेदीचा निधी मागे. ते मिळाले नाही तर तो निघून जाई. खालच्या पायरीवर पगाराविना, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर गुजराण करणारे तरुण व्याख्याते होते आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचायचे तर त्यांना प्रकाशित संशोधनच उपयोगी पडे. या व्यवस्थेने ज्ञान वाढवले आणि माणसांना वर्षानुवर्षे अनिश्चिततेतही ठेवले. दोन्ही गोष्टी लिहाव्यात. कोणाला दार बंद होते तेही लिहावे. गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया यांना ग्योटिंगेनने १८७४ मध्ये डॉक्टरेट दिली, परंतु प्रशियाच्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळण्यास १९०८ साल उजाडावे लागले.

अटलांटिकपलीकडचा प्रवास तपासताना पीएच.डी. ही खूण उपयोगी पडते. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले. जॉन्स हॉपकिन्स या दात्याने ठेवलेले सत्तर लाख डॉलर विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यात समान वाटले गेले होते. पहिले अध्यक्ष डॅनिअल कॉइट गिलमन यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विद्यावेतन दिले आणि शोधनिबंधांसाठी नियतकालिके सुरू करण्यास पाठबळ दिले. गणिताचे नियतकालिक १८७८ मध्येच निघाले. हे केवळ पदव्युत्तर विद्यापीठ होते असे अनेकदा लिहिले जाते, पण पदवीपूर्व विद्यार्थी तेथे आरंभापासून होते, आणि अमेरिकन संशोधन विद्यापीठाचे वेगळेपण याच जोडणीत आहे. जर्मन पद्धतीच्या संशोधनशाळेखाली इंग्रजी वळणाचे महाविद्यालय उभे राहिले आणि खालच्या मजल्याच्या शुल्काने व माजी विद्यार्थ्यांच्या निष्ठेने वरच्या मजल्याला आधार दिला. १९०० मध्ये अशा चौदा अमेरिकन विद्यापीठांनी आपली संघटना स्थापन केली, तोवर हा नमुना स्थिरावला होता. ब्रिटनने पीएच.डी.च्या दर्जाची पदवी बरीच उशिरा, ऑक्सफर्डमध्ये १९१७ मध्ये, स्वीकारली.

एखादा नमुना दुसऱ्या देशात गेला असे लिहिण्यापूर्वी त्यातले काय गेले आणि काय मागे राहिले याची दोन स्तंभांत नोंद करावी. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, म्हणजे महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे काम होते. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अध्यापन आणि संशोधनाला वाव दिला. कोलकात्यात आशुतोष मुखर्जी यांच्या कुलगुरुपदाच्या काळात अध्यासने आणि विज्ञान महाविद्यालय उभे राहिले, तर मुंबईत समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आला. चंद्रशेखर व्यंकट रामन १९१७ पासून कोलकाता विद्यापीठात ‘पालित’ नावाच्या अध्यासनावर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, पण १९२८ चा त्यांचा शोध महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत लागला. प्राध्यापकाचा पगार एका संस्थेचा आणि टेबल दुसऱ्या संस्थेचे, ही स्थिती जगभर आढळते, म्हणून शोधाचे श्रेय नोंदवताना दोन्ही पत्ते लिहावेत.

जपानमध्ये १८७७ मध्ये टोकियो विद्यापीठ स्थापन झाले. तेथे प्रारंभी मोठ्या पगारावर परदेशी प्राध्यापक नेमले गेले आणि परदेशी शिकून आलेल्या जपानी विद्वानांनी पुढे त्यांची जागा घेतली. १८८६ च्या आदेशाने राज्याच्या गरजा हेच विद्यापीठाचे प्रयोजन ठरवले. याउलट लाइपझिगमध्ये शिकलेल्या त्साय युआनपेई यांनी १९१७ पासून चीनमधील पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख म्हणून मतस्वातंत्र्यावर भर दिला.

विसाव्या शतकासाठी पैशाचा माग काढावा. १९११ मध्ये जर्मनीने कायझर विल्हेल्म संस्था काढून संशोधनाचा एक भाग विद्यापीठांबाहेर नेला, आणि फ्रान्सने १९३९ मध्ये आपले राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले. तेव्हा सर्व देशांत संशोधनाचे घर विद्यापीठच असते असे गृहीत धरू नये. ज्यू आणि राजकीय विरोधकांना सरकारी नोकरीतून काढणाऱ्या एप्रिल १९३३ च्या नाझी कायद्यानंतर ग्योटिंगेनने भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न व जेम्स फ्रांक आणि गणितज्ञ एमी न्योथर यांना गमावले. दोनशे वर्षे जपलेली परंपरा काही महिन्यांत कशी उद्ध्वस्त होते हे त्या विभागांच्या व्याख्यानसूची लागोपाठ वाचताना दिसते, आणि त्या वाचताना मन विषण्ण होते. जुलै १९४५ मध्ये, युद्धकाळात अमेरिकेच्या सरकारी संशोधनाचे प्रमुख असलेल्या व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकन अध्यक्षांना सादर केलेल्या अहवालाने मूलभूत संशोधनाला सरकारी पैशाची भक्कम बैठक सुचवली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले. येथून पुढे प्रकल्पनिहाय अनुदानाचे अर्ज हे इतिहासाचे मुख्य साधन बनते.

विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते साधन म्हणून वापरायचे असल्यास त्यांचे निकष आधी वाचावेत. २००३ मध्ये सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत नोबेल आणि फील्ड्स पदकप्राप्त माजी विद्यार्थ्यांना दहा टक्के आणि तसे पुरस्कार मिळवलेल्या प्राध्यापकांना वीस टक्के भार आहे. अध्यापनाची गुणवत्ता थेट मोजलेली नाही. जुने विद्यापीठ बर्लिनच्या पूर्व भागात राहिले आणि १९४८ मध्ये पश्चिम भागात फ्री युनिव्हर्सिटी स्थापन झाली, त्यामुळे १९४५ पूर्वीच्या बर्लिनमधील नोबेल विजेत्यांवर कोणाचा हक्क, हा वाद या क्रमवारीमुळे खरोखरच उद्भवला. अशा वेळी तक्त्यातील क्रमांक उतरवून घेण्याऐवजी त्या प्राध्यापकाची नेमणूक, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध यांच्या मूळ नोंदी काढाव्यात आणि श्रेय त्या नोंदींनुसार लिहावे.