खाव चाय म्हणजे समजलं, असं नाही

थायलंडमधल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला दोन चलांची समीकरणं शिकवली. प्रत्येक पायरीला थांबून नुकतंच पाठ केलेलं थाय वाक्य म्हणायचे, "खाव चाय माय?" म्हणजे समजलं का? अडतीस मुलं एका सुरात उत्तर द्यायची, "खाव चाय खाsss". चाय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कप येतो, पण थाय भाषेत चाय म्हणजे मन. खाव चाय म्हणजे मनात शिरलं. मंगळवारी दहा गुणांची चाचणी घेतली, तर अर्ध्याहून जास्त कागद कोरे. काहींनी कोऱ्या जागेत माझं चित्र काढलं होतं, टिकलीसकट. चित्रं छान होती.

मी मूळची सोलापूरची, गणित घेऊन बी.एस्सी. आणि मग बी.एड. मे २०२२ पासून दोन वर्षं ईशान्य थायलंडमधल्या खोन केन शहरात एका सरकारी शाळेच्या इंग्लिश प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गांत, गणित शिकवलं. तिकडे शिकवायला जाऊ का, असं विचारणारे फोन अजून येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न भाषेचा असतो. भाषा येते हळूहळू. मला जड गेला तो त्यांचा होकार.

आधी कागदपत्रांचं बोलू, कारण त्यात चुकलात तर पुढचं काही कामाचं नाही. शिकवायला जायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतात. पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि पोलिस क्लिअरन्स इथूनच घेऊन जा. शिक्षक परवाना खुरुसफा, म्हणजे तिथली शिक्षक परिषद, देते. शब्द आपलाच, गुरुसभा, नीट ऐकलंत तर कळतं. परवाना नसेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती सवलत मागू शकते. भारतीयांना इंग्रजी मातृभाषेचे धरत नाहीत, त्यामुळे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण बहुतेक ठिकाणी मागतात. मला ज्या एजंटने नोकरी दिली, तो म्हणाला होता, "टूरिस्ट म्हणून या, बाकीचं इथे बघू." मी ऐकलं नाही, दीड महिना घरी बसले आणि नीट व्हिसा घेऊन गेले. माझ्याबरोबर मुलाखत दिलेली एक मुलगी त्याचं ऐकून गेली आणि दोन महिने वर्क परमिटशिवाय, जीव मुठीत धरून शिकवत राहिली.

पगाराचंही सरळ सांगते. मला महिना बावीस हजार बाट मिळायचे. शेजारच्या टेबलावर बसून तेवढेच तास घेणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याला पस्तीस हजार. त्याच्याकडे शिक्षणाची पदवी नव्हती, माझ्याकडे होती. गोऱ्या परदेशी माणसाला थाय लोक फारांग म्हणतात. आपल्याला नाही म्हणत, आपण खेक. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण वापरात तो भारतीय, अरब, मलय अशा सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो. बाजारात कोणी खेक म्हणालं तर दर वेळी त्यात हिणवणं असतंच असं नाही. नोकरीच्या जाहिरातीत मात्र कोणाला उभं करायचं आणि कोणाला किती द्यायचं, हे त्याच शब्दावर ठरतं. घासाघीस करा. मी केली नाही, भीड पडली.

आणि भीड या शब्दानेच मला थाय माणूस थोडाफार कळला. त्यांच्याकडे क्रेंग चाय नावाची गोष्ट आहे. समोरच्याला त्रास होईल, अवघडल्यासारखं होईल, त्याचा मान जाईल, या विचाराने मन मागे सरतं, ते क्रेंग चाय. परदेशी लोक त्याच्यावर पानंच्या पानं लिहितात. आपल्याला एक शब्द पुरतो. वर्गात "समजलं नाही" म्हणणं म्हणजे बाईंना नीट शिकवता आलं नाही असं चारचौघांत सांगणं. मग कोण म्हणेल? त्या मंगळवारनंतर मी "समजलं का" विचारणं सोडलं. तास संपताना प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, त्यावर एक उदाहरण, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या खोटं बोलत नाहीत.

मोठ्यांना चिठ्ठ्या वाटता येत नाहीत, तिथे कान लागतो. "दाय खा" म्हणजे शब्दशः "जमेल". पण ते लगेच आलं, डोळ्याला डोळा भिडवून आलं, तरच जमेल. "दियाव", म्हणजे थोड्या वेळाने, याचा अर्थ आज नाही. आणि "दू कॉन". शब्दशः "आधी बघू". मला हे कळायला चार महिने लागले, याची लाज वाटते. लग्नाच्या स्थळाला, वर्गणीला, उसनवारीला आपल्या घरात "बघू" म्हणतात तेव्हा कोण काय बघत असतं? तेच हे.

प्रश्न चुकीचा विचारला तर होकार किती महाग पडतो, तेही ऐका. पहिल्या डिसेंबरात मला लाओसची राजधानी व्हिएन्तियान बघायची होती. खोन केनहून नोंग खायपर्यंत बस, मग मेकाँगवरचा १९९४ सालचा मैत्री पूल, पलीकडे लाओस. ऑफिसातल्या बाईंना विचारलं, "शनिवार-रविवार जाऊन येते, काही अडचण नाही ना?" "दाय खा." गेले. परतताना पुलावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पुढे उलटला, मागे उलटला आणि हसला. थायलंडमध्ये अधिकारी असा हसला की पोटात गोळा यायला हवा. री-एंट्री परमिट कुठे आहे? नव्हतं. व्हिसाला वर्षभराची मुदतवाढ मिळालेली असली, तरी हे परमिट न काढता सीमा ओलांडली की ती मुदतवाढ तिथेच संपते. एका फेरीला १,००० बाट, कितीही फेऱ्यांना ३,८०० बाट, एवढ्याचं काम. त्यासाठी मी व्हिएन्तियानमध्ये आठ दिवस अडकले आणि शाळेकडून नवी पत्रं मागवून पुन्हा पहिल्यापासून व्हिसा काढला. ऑफिसातल्या बाई मात्र खोटं बोलल्या नव्हत्या. मी सुट्टीचं विचारलं, त्यांनी सुट्टीचं सांगितलं. पासपोर्टचं मी विचारलंच नव्हतं आणि आपण होऊन विचारणं म्हणजे माझ्या खाजगी गोष्टीत नाक खुपसणं.

दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत. चुकलात तर २,००० बाट दंड. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५०० बाट. तुम्ही कुठे राहता हे घरमालकाने कळवायचं असतं, त्याची पावती पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. इमिग्रेशनला सगळे "तॉ मॉ" म्हणतात. तॉ मॉमध्ये बाह्या असलेला सदरा घालून जा, बूट घाला, आवाज चढवू नका. आवाज चढवलेल्या माणसाचं काम तिथे झालेलं मी पाहिलं नाही. आणि तारखा नीट वाचा. तिकडे बुद्धसंवत चालतो, आपल्या सनापेक्षा ५४३ जास्त. पहिल्या दिवशी दुधाच्या डब्यावर मुदत २५६५ बघून मला वाटलं, काय दूध आहे!

भाषेत मराठी माणसाला एक आयतं भांडवल मिळतं. क आणि ख, प आणि फ, त आणि थ यांतला फरक थाय भाषेत अर्थ बदलतो. इंग्रजी बोलणारा तिथे वर्षभर धडपडतो, आपण पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणतो. शब्दही ओळखीचे. वेळ म्हणजे वेला, आहार म्हणजे आहान, गाडीला रॉत म्हणजे चक्क रथ. शाळेचे प्राथमिक वर्ग प्रथोम, माध्यमिक मत्थयोम. खोन केनमधून जाणारा हमरस्ता मित्त्राफाप, म्हणजे मित्रभाव. बँकॉकचा विमानतळ सुवर्णभूमी, मात्र टॅक्सीवाल्याला "सुवन्नाफूम" म्हणा. या आनंदात सूर विसरू नका. पाच सूर आहेत. पडत्या सुरात क्लाय म्हणजे जवळ, सपाट सुरात क्लाय म्हणजे लांब. बाजार कुठे विचारल्यावर एका आजोबांनी "क्लाय" सांगितलं, मी मनाला हवा तो सूर ऐकला आणि एप्रिलच्या उन्हात पाच किलोमीटर चालले. सोलापूरची म्हणून वाचले.

वय विचारतात, पगार विचारतात, लग्न का नाही तेही विचारतात. रागावू नका. वय कळल्याशिवाय त्यांना हाकच मारता येत नाही. मोठी असेल तर फी, लहान असेल तर नाँग, आईहून मोठी असेल तर पा. ताई, दादा, मावशी हे आपणही रिक्षावाल्याला आणि भाजीवालीला म्हणतोच की. हात जोडायचा तो वाय. लहानाने आधी करायचा, मोठ्याने परत. मी पहिल्या दिवशी फाटकावर दिसेल त्या मुलाला वाकून नमस्कार करत सुटले, आणि मुलं घाबरून आणखी खाली वाकत गेली. शिक्षकाने मान हलवून हसायचं असतं, बस.

काही गोष्टींत मात्र गंमत नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की बागेत, स्टेशनात सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा. राजघराण्याबद्दल बोलू नका, फोनवर काही पुढे पाठवू नका. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. कोणाच्या डोक्याला हात लावू नका, पाय कोणाकडे करून बसू नका, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, त्यांच्या शेजारी बसायचं नाही.

जेवणाचं. मी अंडं खाते, मासे-मांस नाही. मांग्सविरत हा शब्द सांगितला की बरं चालतं (मांसविरती, पुन्हा आपलाच शब्द), पण फिश सॉसला, म्हणजे नाम प्लाला, पुष्कळ जण मांस धरत नाहीत. "माय साय नाम प्ला", नाम प्ला घालू नका, हे वाक्य पासपोर्टसारखं जवळ ठेवा. "चे" लिहिलेली पिवळी पताका दिसली तर निर्धास्त आत जा, तिथे कांदा-लसूणही नसतो. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस गावभर त्या पताका लागतात.

माझी घरमालकीण पा रोज संध्याकाळी अंगणात सोम ताम कुटायची. मातीचं खोल उखळ, लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरची, मग भाजलेले शेंगदाणे, चवळीच्या शेंगा, शेवटी कच्च्या पपईचा कीस. पोक, पोक, पोक. मुसळ एका हातात, दुसऱ्या हातात चमचा, खालचं वर करत. आमच्याकडे शेंगाचटणीही उखळात कुटतात, तो आवाज ऐकून पहिल्या महिन्यात मला रडू आलं होतं. ईसानमध्ये, म्हणजे या ईशान्य भागात, त्यात आंबवलेल्या माशांचं पाणी, प्ला रा, घालतात. घरमालकिणीने दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळं उखळ आणलं, विचारलंही नाही. सोबत चिकट भात, बांबूच्या डबीत. तो हातानेच खायचा असतो, गोळा करून. काटा-चमच्याने खाऊन कंटाळलेल्या माझ्या बोटांचं तिथे सार्थक झालं.

जूनमध्ये शाळेत वाय ख्रू असतो, गुरुवंदना. बहुधा गुरुवारी, त्या वाराला ते बृहस्पतीच्याच नावाने ओळखतात. मुलं गुडघ्यांवर चालत पुढे आली आणि माझ्या हातात फुलांचं तबक दिलं. त्यात दूर्वा होत्या. खऱ्या, आपल्या गणपतीच्या. शेजारी वांग्याचं फूल, खाली वाकलेलं, नम्रतेचं. कोऱ्या कागदावर माझं चित्र काढणारा मुलगा त्या रांगेत होता. तो म्हणाला, "टीचर, खाव चाय." तेव्हा मला त्याचं काय करावं कळलं नाही.

फिरायचं असेल तर गावात सोंगथेव, म्हणजे दोन बाकांची गाडी, उतरायला घंटी. एप्रिलमध्ये १३ ते १५ सोंगक्रान, खोन केनला त्यासाठी चिकट भाताच्या नावाचा रस्ताच आहे. पाणी खेळा, पण त्या दिवसांत स्कूटर चालवू नका. दारू पिऊन चालवणाऱ्यांमुळे सरकारच त्या आठवड्याला धोक्याचे सात दिवस म्हणतं.

शाळेतली एक सवय शेवटपर्यंत सुटली नाही, माझी नव्हे, त्यांची. शनिवारी इंग्लिश कॅम्प आहे, हे परदेशी शिक्षकांना शुक्रवारी दुपारी कळतं. पहिल्या वर्षी असे सहा शनिवार गेले, दर वेळी मी "दाय खा" म्हटलं आणि घरी येऊन चडफडले. दुसऱ्या वर्षी एका शुक्रवारी विभागप्रमुख बाई पिवळेधमक आंबे भरलेली पिशवी घेऊन टेबलाशी आल्या. उन्हाळा किती वाढलाय, जेवलीस का, घरमालकिणीची तब्येत कशी आहे. मग उद्या सकाळी साडेसातला थोडा वेळ आहे का?

मी आंब्यांकडे पाहिलं, हसले आणि म्हटलं, "दू कॉन खा."

त्या क्षणभर थबकल्या. मग एवढ्या मोठ्याने हसल्या की अख्ख्या स्टाफरूमने वळून पाहिलं. शनिवारी मी गेले नाही. आंबे त्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या.