पावसाने ओढ दिली तर: ऑगस्टमधल्या खंडात करायची कामं

तरणा आणि म्हातारा पाऊस (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांतला) बऱ्यापैकी झाला, पिकं गुडघ्याला लागली आणि आता ऑगस्टच्या सुरुवातीचं आश्लेषा नक्षत्र कोरडं चाललंय, पुढे मघा. ‘न पडल्या मघा तर वरतीच बघा’ असं जुनी माणसं म्हणतात, पण वर बघत बसायला वेळ कमी आहे.

दुष्काळ पायरीपायरीने येतो. आधी पाऊस ओढ देतो, मग जमिनीतली ओल सरते आणि शेवटी विहिरी-धरणं तळ गाठतात. शेतकऱ्याला जे काही करता येतं, ते पहिल्या दोन पायऱ्यांच्या मधे.

ऑगस्टमधला खंड बहुधा मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकल्यामुळे पडतो. तिकडे पूर येतात, इकडे कोरडा वारा सुटतो. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी असे खंड लांबू शकतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उलट १९९७ ला एल निनो तगडा असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला. तेव्हा बातमीत एल निनो आला म्हणून घाबरून पीक मोडू नका, आपल्या महसूल मंडळातला (आसपासच्या गावांच्या गटातला) पाऊस वहीत लिहीत चला. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या माण, खटाव, आटपाडीकडे तर खंड ठरलेलाच. सह्याद्री ओलांडताना वारा बहुतेक पाणी महाबळेश्वरच्या बाजूला टाकून येतो.

आता रानाकडे. हलक्या मुरमाड जमिनीत आठ-दहा दिवसांतच पीक दुपारी माना टाकतं. खोल काळी जमीन दोन-तीन आठवडे दम धरते, पण भेगाळली की ओल झपाट्याने उडते. म्हणून भेगा पडायच्या आत कोळपं, म्हणजे ओळींमधली माती हलवायचं औत, चालवा. वरचा दोन बोटं थर भुसभुशीत राहिला की खालची ओल वर यायची वाट तुटते, तणही जातं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे उगाच म्हणत नाहीत. सोयाबीन फुलात आलं असेल तर मात्र कोळपं घालू नका, मुळं तुटतात आणि फुलं गळतात. तिथे ओळींमधे काडीकचरा, गवत पसरा.

पिकाला ताण सोसता यावा म्हणून फवारणीसाठी १३:०:४५ हे खत, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पीक पार वाळल्यावर मारलं तर पैसे पाण्यात. कोरड्या रानात युरिया फेकू नका.

शेततळ्यात थोडंच पाणी असेल तर ते सोयाबीनच्या फुलोऱ्यासाठी आणि शेंगा भरण्यासाठी राखा. तुषार सिंचन लावा, नाहीतर एकाआड एक सरी भिजवा. सगळ्या रानाला अर्धवट पाजण्यापेक्षा चांगल्या तुकड्याला नीट पाजलेलं बरं. पीक हातचं गेलंच असेल तर पुन्हा मूग-उडीद पेरू नका, त्यांची वेळ गेली. पाऊस आलाच तर सूर्यफूल किंवा एरंडी घ्या, नाहीतर रान मोकळं ठेवून रब्बी ज्वारीसाठी ओल धरा. सोलापूर भागात मला हा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

नव्या बोअरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी मुळात थोडं मुरतं, आणि नवा बोअर बऱ्याचदा शेजाऱ्याची विहीर ओढतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस टाळला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचं पीक ठरवलं. तुमच्या विहिरीत ऑक्टोबरमध्ये किती परस (पुरुषभर उंचीचं माप) पाणी आहे ते दोरी टाकून मोजा, मगच उसाचं बघा.

आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवर आपल्या पेऱ्याची नोंद, मुदतीत करा. पेरा सातबाऱ्यावर नसेल तर मदत मागताना तलाठ्यापुढे सांगायला काही उरत नाही. मोबाइल जमत नसेल तर गावातल्या पोरांना सोबत घ्या, पण रानात उभं राहूनच फोटो काढा.