जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट गळतीय? आधी रिबीट बघा

उजनीचं पाणी मे महिन्यात उतरलं की बॅकवॉटरच्या बोटी काठावर येतात, दुरुस्तीला तेवढेच दिवस मिळतात. माझी बारा फुटी सेकंडहँड बोट आहे, रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडायला ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांची, आमच्याकडं त्यांना सगळे रिबीटच म्हणतात. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, बाहेरून दिसेल तिथं एपॉक्सी पुट्टी थापली, वाळली पण एक नंबर, आणि पंधरा दिवसात पापडासारखी निघून आली. पत्रा पाण्यात लवतो, कडक पुट्टी लवत नाही, मग तडकणारच की.

आधी गळती नेमकी कुठं आहे ते शोधा. बोट जुन्या टायरींवर सपाट ठेवा, खालून नीट आधार द्या आणि आत पाणी भरा. काठोकाठ भरायचं नाही हां, चार इंच पाणी म्हणजेच तीन-चारशे किलो होतं, आधार नसला तर आहे ते रिबीटपण ढिले होतील. बाहेरचा पत्रा कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर मारा, पाणी जिथं झिरपतं तिथं गडद ठिपका उठतो, लगेच मार्करनं गोल करा. पावडरच्या जागी चुना वापरू नका, चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. रिबीटच्या डोक्याभोवती काळपट रेघ दिसली तर तो रिबीट हलतोय समजा, आज गळत नसला तरी.

ढिला रिबीट घट्ट करायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतून शेपटीवर, म्हणजे रिबीटच्या आतल्या टोकावर, हातोडीनं बेतानं ठोके द्यायचे, बेतानं म्हणजे खरंच बेतानं, राग काढला तर भोकाच्या कडेला तडा जातो. तरीपण फिरत असेल तर ड्रिलनं काढून एक साईज मोठा टाका. आत हात पोचत नसेल तिथं बंद टोकाचा पॉप रिबीट, म्हणजे एकाच बाजूनं बसवता येणारा, घ्या, साध्याच्या मधल्या भोकातून पाणी येतं. आणि तांब्या-पितळेचं किंवा साध्या लोखंडाचं काही ठोकू नका, दोन धातू पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं.

मग सीलंट. मरीन ग्रेडचं पॉलीयुरेथेन घ्या, सिलिकॉन नको, त्याचा तेलकट अंश पत्र्यावर राहतो आणि नंतर त्यावर कायच धरत नाही. जागा स्टीलच्या ब्रशनं घासा, म्हणजे स्टेनलेसच्या, साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात अडकून गंजतात. अ‍ॅसिटोननं पुसा आणि लगेच सीलंट लावा. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागली की ऑक्साईडचा थर परत धरतो, त्यामुळं घासून ठेवून जेवून यायचं आणि मग लावायचं, असलं चालत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा पण एक घोळ आहे. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, आणि मे मधली सोलापूरची हवा कोरडी ठाक, वरून साय धरते अन आतून कच्चंच. मी सकाळी सातच्या आत लावतो, आजूबाजूला ओली पोती टांगतो आणि आठवडाभर बोटीला हात लावत नाही.

तडा गेला असेल तर सीलंटनं भागत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना तीन एमएमचं भोक पाडा, म्हणजे तो पुढं सरकत नाही, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं आर्गन वेल्डिंगवाला बघा, पण त्याला अ‍ॅल्युमिनियमचं काम येतंय का ते आधीच विचारा, लोखंडवाले भोक मोठं करून देतात. न्यायच्या आधी सीटखालचा फोम काढा, पेट्रोलची टाकी पण काढा, नाहीतर आग लागायची.

सगळं झाल्यावर परत पाणी भरून बघा. तरीपण ओल दिसली तर मागच्या ड्रेन प्लगचं वॉशर तपासा, मी दोन दिवस रिबीट ठोकत बसलो होतो आणि निघालं शेवटी तेच.